कॅप न मिळाल्याची गोष्ट

बाबा,

तुमच्यावर चिडायला मला आजही वेगळा वेळ काढावा लागत नाही. आज गुरुवार आहे, सकाळचे साडेदहा झालेत, शाळांना हाफ टर्मची सुट्टी आहे म्हणून मी घरी आहे आणि किचनच्या टेबलावर समोर फोन पडलाय. एक फोन करायचाय. दोन मिनिटांचं काम आहे. ते सोडून मी तुम्हाला पत्र लिहीत बसलोय, कारण हा फोन मला करावा लागतोय तो निव्वळ तुमच्यामुळे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी तुम्ही करून ठेवलेलं मी अजून निस्तरतोच आहे. आणि मराठीत लिहितोय, कारण इंग्लिशमध्ये मला तुमच्याशी कधी नीट भांडताच आलं नाही. इंग्लिशमध्ये आवाज चढवला की तुम्ही लगेच ऑफिसात बसल्यासारखे सभ्य व्हायचात आणि माझंच तोंड बंद व्हायचं.

आधी काय झालंय ते सांगतो. तुम्हाला एक नात आहे, पंधरा वर्षांची. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, तिनं तुम्हाला हॉलमधल्या फोटोत पाहिलंय. ती माझ्यासारखीच ऑलराउंडर आहे, बॉलिंगही टाकते आणि बॅटिंगही करते, फक्त दोन्ही माझ्यापेक्षा बरं करते. काउंटीच्या मुलींच्या अकॅडमीसाठी तिचं नाव चाललंय. रविवारी अकॅडमीची कोच आमच्या हॅरोच्या क्लबवर तिचा खेळ बघायला आली होती. मॅच संपल्यावर ती माझ्याकडे आली आणि सरळ विचारलं, तुम्ही स्वतः काउंटी खेळलाय, हिच्याबद्दल तुमचं काय मत आहे? मी जे उत्तर दिलं ते ऐकल्यापासून माझी मुलगी माझ्याशी धड बोलत नाहीये. यादी उद्या ठरणार. त्याच्या आत फोन करून मला माझे शब्द मागे घ्यायचेत. तर आता तुम्हीच ऐका, ते शब्द माझ्या तोंडात आले कुठून.

तुम्ही पुण्याहून इथे इंग्लंडला आलात ते कौन्सिलच्या रस्ते खात्यात ड्रॉइंग काढायला, आणि जन्मभर रस्त्यांची वळणं आणि ड्रेनेजच्या झाकणांच्या जागा पेन्सिलीनं आखत राहिलात. अशा माणसाला क्रिकेटचं वेड असावं, हरकत नाही. पण मला एकोणिसाव्या वर्षी काउंटीचं काँट्रॅक्ट मिळालं आणि तुम्ही जे सुरू केलंत, त्याला काय म्हणावं? घरच्या मैदानावरच्या प्रत्येक मॅचला रजा टाकून हजर. चार दिवसांची मॅच, एप्रिलचा गारठा, स्टँडमध्ये पाचपन्नास म्हातारे, प्रत्येकाच्या मांडीवर ब्लँकेट आणि हातात फ्लास्क, आणि त्यांच्या मधोमध माकडटोपी घातलेले तुम्ही. मी फाइन लेगला फिल्डिंगला आलो की तुम्ही उठून बाउंड्रीच्या दोरीपाशी यायचात आणि फॉइलमध्ये गुंडाळलेलं थालीपीठ पुढे करायचात. ओव्हर चालू असताना. मी दातओठ खात म्हणायचो, "बाबा, मी कामावर आहे." तुम्ही म्हणायचात, "मग? कामावर माणसं खात नाहीत? आणि आतून दुसरा स्वेटर घातलायस का?" मैदानावरच्या स्टुअर्डनं तुम्हाला दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा तुम्ही त्याच्याच हातात थालीपीठ ठेवलंत. पुढे तुम्ही एखाद्या दिवशी आला नाहीत तर तो माझ्याकडे चौकशी करायचा.

बरं, इतकं करून तोंडातून एक चांगला शब्द? नाव नको. लोकांच्या घरी आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. तुमच्या घरात ती म्हण उलटी टांगलेली होती. वेम्बलीच्या हॉलमधला गणपती मला आठवतो. मी हातात बटाटेवड्याची प्लेट घेऊन उभा आहे, तुमचे एक मित्र तुम्हाला म्हणताहेत, "काय हो, मुलानं नाव काढलं. काउंटीत खेळतो म्हणे." आणि तुम्ही हात झटकून म्हणताय, "कसलं काउंटीत. सातव्या नंबरवर पाठवतात, बाकीचे बॉलर दमले की याच्या हातात बॉल देतात. एक ना धड, भाराभर चिंध्या." मग ते म्हणाले, "छे हो, उगाच काय. गुणी आहे मुलगा." आणि तुम्ही जरासे हसलात आणि दुसरा वडा घेतलात. मला तो खेळ पाठ होता. पहिल्या फेरीत तुम्ही मला खाली पाडायचं, दुसऱ्या फेरीत समोरच्यानं उचलून धरायचं, आणि ती दुसरी फेरी ऐकण्यासाठीच पहिली असायची. आई मीठमोहऱ्यांनी माझी दृष्ट काढायची तेव्हा स्मोक अलार्म ठणाणा करायचा, आणि तुम्ही खुर्चीवर चढून टी टॉवेलनं वारा घालत "काय हा खुळेपणा" म्हणून करवादायचात. पण स्वतःच्या पोराचं कौतुक स्वतःच्या तोंडानं करायचं नाही, हे मात्र तुम्हाला अगदी शास्त्राला धरून वाटायचं.

माझ्या सहाव्या सीझनला तुम्हाला आणखी एक खूळ लागलं. माझी किटबॅग उचलायचं. पंचवीस वर्षांचा घोडा झालेला मी, कार पार्कमध्ये गाडी लावतोय, तोवर तुम्ही डिकी उघडून बॅग खांद्यावर टाकून पॅव्हिलियनकडे चालायला लागलेले असायचात. त्या बॅगेत दोन बॅट, पॅड, हेल्मेट, बूट, सगळं. तुमचं वय बासष्ट. मी मागून "बाबा, ठेवा ती, मी घेतो" म्हणत पळतोय आणि ड्रेसिंग रूमच्या बाल्कनीतून टीममधली पोरं बघताहेत. त्यांनी तुम्हाला माझा हमाल म्हणायला सुरुवात केली. एक जण रोज सकाळी मला विचारायचा, आमच्याही बॅगा नेतील का रे? तुम्हाला हे कळत होतं की नाही देव जाणे. मी दहादा सांगितलं, लाज वाटते. पण तुमच्यापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

तर त्याच उन्हाळ्यात कॅपची गोष्ट झाली. तुम्हाला रीत ठाऊक होती, किंवा ठाऊक आहे असं मी धरून चाललो होतो. काउंटीसाठी खेळायला लागलं म्हणजे काउंटीचे झालो असं इथे होत नाही. काही वर्षं खेळाडू नुसता खेळतो. मग एखाद्या दिवशी कॅप्टन आणि कोच ठरवतात की हा आता आपला, आणि खेळ सुरू व्हायच्या आधी पॅव्हिलियनसमोर सगळ्या टीमला उभं करून त्याच्या डोक्यावर काउंटीची कॅप घालतात. त्याला परीक्षा नाही, इतक्या रन आणि इतक्या विकेट असा नियम नाही. त्यांना वाटलं पाहिजे, बस. पॅव्हिलियनच्या जिन्यात लाकडी पाटीवर त्याचं नाव सोनेरी अक्षरांत चढतं आणि मग तो मेला तरी ते तिथून उतरत नाही. त्या वर्षी ड्रेसिंग रूममध्ये सगळे म्हणत होते की या सीझनला एक कॅप निघणार आणि ती माझी किंवा आमच्या डावखुऱ्या स्पिनरची. मला ती हवी होती. मी जेवताना, आंघोळ करताना, ट्रेनमध्ये, फक्त तिचाच विचार करत होतो. ती पाटी दिसू नये म्हणून मी तो जिना खाली बघत चढायचो.

ऑगस्टमध्ये आमची एक मॅच समुद्राकाठच्या छोट्या मैदानावर असायची, तंबू, डेकचेअर, आइस्क्रीमची गाडी, सगळी जत्रा. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला मी नाबाद होतो. पॅड घातलेलेच, सँडविच खात बाल्कनीत उभा. तिथून मला खाली बाकावर तुम्ही दिसत होतात आणि आमचा कोच तुमच्याकडे चालत येताना दिसला. तो उत्तरेकडचा माणूस, आठवड्याला दहा वाक्यं बोलणारा. तो तुमच्या शेजारी बसला. तुम्ही उठून उभे राहिलात, हॅट काढलीत, मग त्यानं खूण केल्यावर परत बसलात. दोन-तीन मिनिटं बोलणं झालं. त्यानं तुमच्याशी हात मिळवला आणि निघून गेला. मला कळलं होतं की त्यानं कशाबद्दल विचारलं असणार.

संध्याकाळी तुम्ही माझ्याच गाडीतून परत येत होतात. मोटरवेला लागलो, तुम्ही खिशातून शेंगदाण्यांची पुडी काढलीत आणि मोठ्या समाधानानं म्हणालात, "आज तुझ्या कोचशी बोलणं झालं. सज्जन माणूस."

"काय विचारलं त्यांनी?"

"विचारलं, तुमचा मुलगा तयार आहे का, तुम्हाला काय वाटतं? मी म्हटलं, कसला तयार, सर. अजून कच्चा आहे, बरंच शिकायचंय. म्हटलं, तुमचा तो डावखुरा मुलगा आहे ना, तो जास्त लायक आहे. आधी त्याचं बघा."

मला पुढची गाडी दिसेना. मी सर्व्हिस स्टेशनला गाडी आत घेतली आणि थांबवली.

"मग ते काय म्हणाले?"

"काही नाही. थँक्स फॉर बीइंग ऑनेस्ट म्हणाले."

"बाबा, तुम्ही काय केलंत कळतंय का तुम्हाला? त्यांना ते खरं वाटलं असणार."

"काय खरं वाटलं असणार?"

"तुम्ही म्हणालात ते. मी कच्चा आहे ते."

तुम्ही माझ्याकडे असे बघायला लागलात की जणू मलाच काही समजत नाही. म्हणालात, "असं कोण खरं धरतं? आपल्या पोराबद्दल माणूस दुसरं काय बोलणार? चांगल्या घरातली माणसं स्वतःच्या मुलाची जाहिरात करत नाहीत. त्यांनी म्हणायला पाहिजे होतं, नाही नाही, गुणी आहे मुलगा." बाबा, तो इंग्लंडमधल्या खाणीच्या गावातला माणूस होता. त्याला कोण सांगणार की दुसरी फेरी त्याची आहे? मी त्या कार पार्कमध्ये स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो आणि तुम्ही विचारलंत, शेंगदाणे हवेत का.

कॅप डावखुऱ्याला मिळाली. सप्टेंबरच्या शेवटच्या मॅचला, सकाळी, पॅव्हिलियनसमोर. त्याचे वडील शेतकरी होते, लालबुंद चेहऱ्याचे. त्यांना सीझनभर कोणी विचारो न विचारो, माझ्या पोरासारखा स्पिनर या देशात नाही असं ते बारमध्ये टेबल आपटून सांगायचे. मी टाळ्या वाजवल्या. तुम्हीही स्टँडमध्ये उभे राहून वाजवल्यात, अगदी मनापासून, आणि मग लंचला मला गाठून म्हणालात, "बघ, मी म्हटलं नव्हतं? तोच लायक होता." त्या दिवशी मी तुमच्यापुढे हात टेकले. नंतरच्या वसंतात माझा उजवा खांदा गेला, ऑपरेशन झालं, बॉलिंगचा वेग उतरला. पुढे सहा सीझन मी कधी टीममध्ये, कधी सेकंड इलेव्हनमध्ये असा लटकत खेळलो. परत कॅपचं नाव कोणी काढलं नाही. बारा सीझन खेळून मी बाहेर पडलो तेव्हा जिन्यातल्या पाटीवर माझं नाव नव्हतं.

आणि तोवर तुम्ही गेलाही होतात. मी अठ्ठावीसचा होतो. हॉस्पिटलमध्ये एक नर्स तुमची उशी सारखी करत म्हणाली, तुमचा मुलगा काउंटी क्रिकेटर आहे ना, काय भारी. तुम्ही हातानं ऑक्सिजनचा मास्क बाजूला केलात, खास तेवढ्यासाठी, आणि म्हणालात, "लर्निंग. स्टिल लर्निंग." मला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना. मी खाली कँटीनला जाऊन चहा पिऊन आलो. चार दिवसांनी तुम्ही गेलात आणि तुमचं माझ्याबद्दलचं मत तेच राहिलं. लोकांच्या गोष्टीत बाप गेल्यावर कपाटातून मुलाच्या कात्रणांची फाइल निघते. तुमच्या कपाटातून निघाल्या ड्रॉइंगच्या पेन्सिली, चार माकडटोप्या आणि कधीच भंगारात गेलेल्या वॉशिंग मशीनचं गॅरंटी कार्ड. मला वाईट वाटलं, बाबा. अजून वाटतं. एकदा, एकदाच, चांगला खेळतोस म्हणाला असतात तर आभाळ कोसळलं नसतं.

ही सगळी गोष्ट मी फार रंगवून सांगतो. क्लबच्या डिनरला, मी जिथे मुलांना खेळ शिकवतो त्या शाळेच्या स्टाफरूममध्ये. थालीपीठ, हमाल, मोटरवे, शेंगदाणे. माझ्या बापानं माझी कॅप कशी घालवली. लोक हसून लोटपोट होतात. माझ्या मुलीनं ती इतक्यांदा ऐकलीय की मी कुठे थांबणार हेही तिला पाठ आहे.

आणि रविवारी, त्याच मुलीबद्दल, त्या कोचनं मला विचारलं. उन्हात उभे होतो. पोरगी दहा पावलांवर बसून बूट सोडत होती. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडातून तुम्ही बोललात. मी म्हणालो, "ठीक आहे ती. अजून कच्ची आहे. ऑफ स्टंपच्या बाहेर बॅट फार फेकते. तुमच्याकडे तिच्याहून चांगल्या मुली असतीलच." त्या बाईनं मान हलवली, वहीत काहीतरी टिपलं. मी एवढा मोठा माणूस तिथे उभा राहून वाट बघतोय की ती आता म्हणेल, नाही हो, गुणी आहे मुलगी. खरंच वाट बघत होतो. ती थँक्यू म्हणाली आणि गेली.

गाडीत पोरीनं सीटबेल्ट ओढून लावला. मग म्हणाली, "बाबा, तू असं का बोलला?"

"अगं, बोलायची पद्धत असते ती."

"कोणाची पद्धत? तिनं तुला सीरियसली विचारलं. तिला ते खरं वाटलं."

असं कोण खरं धरतं, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते कसंबसं गिळलं. तिनं खिडकीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "तू आजोबांची स्टोरी सगळ्यांना सांगतो. लोक हसतात. मला वाटायचं तुला तरी कळलं असेल." घरी पोचल्यावर तिनं किटबॅग उचलली नाही, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर आपटत ओढत वर नेली. माझी बायको नागपूरची. तिला हे गोलगोल प्रकार झेपत नाहीत. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्हा पुणेरी लोकांचं काय करावं माणसानं? फोन कर आणि सांग, माझी पोरगी चांगली खेळते. चार शब्द आहेत. तुला नसेल जमत तर मी करते." मी म्हटलं, करतो. त्याला चार दिवस झाले. रोज सकाळी ती ऑफिसला निघताना नुसती माझ्याकडे बघते आणि दार ओढून घेते.

तर असं आहे. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, ताशी ऐंशी-पंच्याऐंशी मैलांच्या बॉलिंगसमोर उभा राहिलेला, आणि माझी मुलगी चांगली आहे एवढं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. वाटतं की म्हटलं तर काहीतरी होईल. कोणीतरी ऐकेल. खाण तशी माती, दुसरं काय. थांबा, आता करतोच.

केला. बारा वाजले. काय झालं ते क्रमानं सांगतो.

कोचनं फोन उचलला. मी म्हटलं, रविवारी मी जे बोललो ते चुकीचं होतं, मला दुरुस्त करायचंय. आणि डोळे मिटून सांगून टाकलं. ती चांगली खेळते. त्या वयात मी होतो त्याहून पुष्कळ चांगली. तिची मान बॅटिंग करताना हलत नाही, ती शिकवून येत नाही. विकेट मिळाली नाही तरी शेवटच्या ओव्हरला पहिल्या ओव्हरइतकीच जीव तोडून पळते. मला ती खेळताना बघायला फार आवडतं. हे सगळं एका दमात. कान गरम झाले होते, भर बाजारात सदरा काढून उभं राहिल्यासारखं वाटत होतं. कोच म्हणाली, बरं झालं फोन केलात, रविवारी मी जे पाहिलं आणि तुम्ही जे म्हणालात त्याचा मेळ लागत नव्हता. तेवढ्यात मला जिन्यावर आमची पोरगी दिसली. मोजे घालून, गुपचूप येऊन बसलेली. चार दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याकडे बघून हसली.

मग कोचनं विचारलं, आणखी काही मला माहीत असायला हवं? काही दुखणं वगैरे?

बाबा, मे महिन्यात ही पोरगी हॉट वॉटर बॉटल पाठीशी घेऊन टीव्ही बघते. बूट घालायला खाली वाकायच्या ऐवजी पाय वर घेते. बॅग आपटत ओढत नेली ती काही रागानं नाही. तीन आठवडे मी बघतोय आणि बघत नाहीये. त्या वयात वेगानं बॉलिंग टाकणाऱ्या पोरांच्या पाठीचं काय होतं ते मला नाही तर कोणाला कळणार? मी जिन्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली. नको. डोळे इतके मोठे केलेले. यादी उद्या ठरणार होती.

मी म्हणालो, "पाठ. कंबरेच्या जरा वर, तीन आठवडे झाले. ती तुम्हाला सांगणार नाही."

कोच म्हणाली, थँक्स फॉर बीइंग ऑनेस्ट. आधी स्कॅन करून घेऊ, बॉलिंग आजपासून बंद, यादीचं मग बघू. जागा राहील की नाही ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फोन ठेवला तेव्हा जिन्यावर कोणी नव्हतं. वरचं दार आपटलं. नंतर मी बॅग गाडीत ठेवायला उचलली, शनिवारी नुसती बॅटिंग करेल म्हणून, तर ती वरून ओरडली, "ठेव ती, मी घेईन." मी ती खांद्यावर टाकून बाहेर गेलो. शेजारच्या घरातली तिची मैत्रीण बघत होती.

आता तुम्हाला एक सांगायचंय, आणि तेवढं सांगून हे कागद मी टी टॉवेलच्या ड्रॉवरमध्ये तळाला घालणार आहे. मोटरवेवरची गोष्ट मी वर लिहिली ती नेहमी सांगतो तशीच लिहिली. त्यात तुम्ही कोचला दोनच गोष्टी सांगता, मी कच्चा आहे आणि डावखुरा लायक आहे. पण तुम्ही तीन सांगितल्या होत्यात. तिसरी तुम्ही मला गाडीतच सांगितलीत, शेंगदाण्याची सालं हातावर चोळता चोळता. "आणि म्हटलं सर, त्याचा खांदा दुखतोय. तो तुम्हाला सांगणार नाही." मी तुमच्यावर ओरडलो, काही दुखत नाहीये, तुम्ही मनाचं काय सांगता. मग त्यानंतरही कोणी विचारलं तरी मी हेच म्हणत राहिलो, कॅपच्या आशेनं बॉलिंग टाकत राहिलो, आणि पुढच्या वसंतात खांदा गेलाच. कोच थँक्स म्हणाला ते कशाबद्दल म्हणाला, मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही. तिसरं वाक्य गोष्टीतून काढलं की सगळा दोष तुमचा होतो आणि लोक हसतात.

मी तेव्हा कोणाला काही सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. पण सकाळी कार पार्कमध्ये मी गाडीचं इंजिन बंद करायच्या आत तुम्ही डिकी उघडून बॅग घेऊन चालायला लागलेले असायचात.

बाबा, खांदा मे महिन्यापासूनच दुखत होता.